वाचकांचे प्रश्न : स्वतःचा उद्योग कोण काढतो आणि कशासाठी?

प्रश्न : मी गेली अनेक वर्षे एका कारखान्यात लेथवर काम करतो. आता कर्ज काढून स्वतःचे यंत्र घ्यावे आणि जॉबवर्क सुरू करावे, असे मनात आहे. माझे मेहुणे मात्र म्हणतात की, चार पार्ट्यांची कामे उरकून देणे ही काही उद्योजकता नव्हे, त्यासाठी नवे काहीतरी निर्माण करावे लागते. उद्योजक नेमके म्हणावे कोणाला?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आपल्या मेहुण्यांच्या म्हणण्याला मोठा आधार आहे. नवी वस्तू, नवी पद्धत किंवा नवी बाजारपेठ घेऊन जो येतो तोच खरा उद्योजक, अशी मांडणी शुंपेटर या अर्थशास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी केली. परंतु तिच्याआधीची एक व्याख्या मला अधिक पटते. अठराव्या शतकातील अर्थविषयक लेखक रिचर्ड कँटिलन यांच्या, त्यांच्या मृत्यूनंतर १७५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात म्हटले आहे की, जो आज ठरलेल्या भावाने खरेदी करतो आणि उद्या कोणता भाव मिळेल हे माहीत नसताना विकतो, तो उद्योजक. या व्याख्येत त्यांनी पाणी वाहून विकणाऱ्यालाही स्थान दिले.

आपले यंत्र आल्यावर बँकेचा हप्ता, विजेचे बिल आणि मदतनिसाचा पगार ठरलेला असेल. काम किती येईल आणि केलेल्या कामाचे पैसे कधी मिळतील, हे मात्र ठरलेले नसेल. आजवर ही अनिश्चितता मालकाच्या शिरावर होती, यापुढे ती आपण उचलणार आहात, आणि म्हणून माझ्या मते आपण पहिल्या दिवसापासून उद्योजक आहात.

जॉबवर्कवाल्यांचा गळा बहुधा कामाच्या तुटवड्याने नव्हे, तर अडकलेल्या बिलांनी आवळला जातो. त्यामुळे कर्जाची सगळी रक्कम यंत्रात न घालता दोन-तीन महिन्यांचे खेळते भांडवल बाजूला ठेवावे आणि लहान उद्योगांसाठीची सरकारी 'उद्यम' नोंदणी आधीच करून घ्यावी. ती ऑनलाइन व विनामूल्य होते. सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघू उद्योगांचे पैसे, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. करार नसेल तर ही मुदत १५ दिवसांची आहे. गिऱ्हाईक तुटेल या भीतीने बहुतेक जण तक्रार करत नाहीत, हे मी जाणतो. म्हणूनच दर ठरवतानाच पैशांची तारीखही लिहून घेतलेली बरी, आणि सगळी मदार एकाच पार्टीवर ठेवू नये.

प्रश्न : आमचा मुलगा पुण्यातील कायमची नोकरी सोडून गावी हळद प्रक्रियेचा उद्योग काढायचा म्हणतो. हातची नोकरी सोडून माणसे या फंदात का पडतात?
– एक वडील, हिंगोली जिल्हा

उत्तर : आपली काळजी रास्त आहे. पुष्कळ लोक नोकरी मिळत नाही म्हणून नाइलाजाने धंद्यात येतात. आपल्या मुलाचे तसे नाही. नोकरी असताना ती सोडणाऱ्यांच्या मनात बहुधा दोन गोष्टी असतात : जिथे आहोत तिथे वाट खुंटल्याची जाणीव, आणि इतरांना न दिसलेली एखादी गरज.

लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या आयुष्यात या दोन्ही एकत्र आल्या. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, परंतु रंग नीट ओळखता येत नाहीत असे आढळल्यावर यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिकवू लागले. तिथे हक्काची बढती दुसऱ्याला मिळाली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला आले. कडबा कापण्याच्या यंत्रांपाठोपाठ त्यांनी लोखंडी नांगर केले. पण लोखंडाने जमीन नासेल या समजुतीमुळे शेतकरी त्यांना हात लावीनात, आणि ते खपायला फार काळ वाट पाहावी लागली. पुढे बेळगावची जागाही सोडावी लागली, तेव्हा औंधच्या संस्थानिकांनी कुंडल रोड स्थानकाजवळचा माळ देऊ केला. तिथे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली.

नांगर पडून होते तो काळ मला फार महत्त्वाचा वाटतो. मुलाला धाडसाविषयी विचारू नका. हळदीला गिऱ्हाईक कोण, आणि माल वर्षभर खपला नाही तर घर कशावर चालणार, हे विचारा. त्याची उत्तरे आकड्यांत मिळाली, तर त्याच्या पाठीशी उभे राहा.

प्रश्न : आमच्या बचत गटातील महिला घरखर्चाला हातभार म्हणून पापड-कुरडया करतात. याला उद्योग म्हणता येईल का?
– एक वाचक भगिनी, संगमनेर

उत्तर : अवश्य. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. त्यांचाही हेतू संसाराला हातभार हाच होता. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. पुढे हीच संस्था 'लिज्जत' या नावाने देशभर पोहोचली. पहिल्या वर्षी पावसामुळे काम चार महिने बंद पडले, तेव्हा पुढच्या पावसाळ्यात त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला : पापड खाटेवर पसरायचे आणि खाली स्टोव्ह पेटवायचा. सुरुवातीला त्या हलक्या प्रतीचे पापड स्वस्तात वेगळे विकत असत; तेही त्यांच्या मार्गदर्शकांनी बंद करायला लावले, आणि चोख हिशेब ठेवायला शिकवले.

आपल्या गटाने हिशेबापासूनच सुरुवात करावी. उडीद डाळ, पापडखार, मसाला यांबरोबर प्रत्येकीने दिलेले तासही वहीत मांडावेत आणि त्यांची मजुरी धरूनच किलोचा भाव ठरवावा. आज बहुतेक गट ती मजुरी धरत नाहीत, त्यामुळे माल हातोहात खपतो आणि तरीही दिवाळीनंतर वाटून घ्यायला काही उरत नाही.