आमच्या दादरमधला विधानसभेचा उमेदवार पोस्टरवर 'माजी सैनिक' लिहितो, विरोधक म्हणतात थाप आहे. खरं कसं कळणार?

आधी त्याचं प्रतिज्ञापत्र वाचा, निवडणूक आयोगाच्या साइटवर मिळतं. गुन्हे, मालमत्ता, शिक्षण, व्यवसाय सगळं असतं. लष्करी सेवेचा मात्र वेगळा रकानाच नाही. म्हणून पोस्टरवर एक आणि प्रतिज्ञापत्रात दुसरंच, हे सहज खपतं. प्रतिज्ञापत्रात जाणूनबुजून खोटं लिहिलं तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 125अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. पोस्टरवरच्या फुशारकीला ते कलम लागत नाही.

खरा माजी फौजी असेल तर डिस्चार्ज बुक किंवा सेवामुक्तीचे दुसरे कागद सहसा घरात असतात, आणि पेन्शन मिळत असेल तर पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेशही. सरळ मागा, तो काय करतो ते बघा. माहिती अधिकारात दुसऱ्याचा सेवा तपशील मागितलात तर बहुतेकदा 'वैयक्तिक माहिती' म्हणून नकार येतो.

आरोप करणाऱ्यालाही तेवढेच पुरावे मागा बरं का. अमेरिकेत 2004 च्या अध्यक्षीय निवडणुकीत उमेदवार जॉन केरींच्या व्हिएतनाममधल्या पदकांवर चिखलफेक झाली, नौदलाने तपासून पदकं रीतसर असल्याचं सांगितलं. त्याच निवडणुकीत त्यांचे प्रतिस्पर्धी बुश यांच्या नॅशनल गार्ड या राखीव दलातल्या सेवेबद्दल सीबीएस वाहिनीने दाखवलेल्या कागदांचा खरेपणा वाहिनीला शेवटपर्यंत सिद्ध करता आला नाही. व्हॉट्सअॅपवर फिरणारा फोटो तर मी पुरावा धरतच नाही, गणवेश भाड्यानेही मिळतो.