दुसऱ्यांच्या प्रार्थनेने आपली प्रार्थना बाटते का?

मी हॉस्पिटलमध्ये समुपदेशक आहे आणि हा प्रश्न माझ्याकडे महिन्यातून दोन-तीनदा तरी येतोच. हॉस्पिटलमध्ये प्रार्थनेची खोली एकच, सगळ्या धर्मांची मिळून, मग तिथे बसून केलेली प्रार्थना पोचते का? कोणी आडून विचारतं, कोणी सरळ विचारतं की मॅडम बाटत तर नाही ना, आणि विचारून झालं की ओशाळतात. ओशाळू नका. आपलं माणूस आयसीयूत असताना आपल्या हातात फक्त प्रार्थनाच उरलेली असते, ती तरी नीट व्हावी असं वाटणारच.

एका ताईंचं सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय. मिस्टर व्हेंटिलेटरवर आणि या जिन्यात बसून जप करायच्या. प्रार्थनेची खोली दहा पावलांवर. मी म्हटलं आत बसा की, इथे गार फरशी, लोकांची सारखी ये-जा. तर म्हणाल्या, "आत ते चाचा नमाज पढतात. त्यांचं त्यांना, माझं मला."

मी वाद घातला नाही. पूर्वी घातला असता, सगळे देव एकच वगैरे बोलले असते आणि त्या हो हो म्हणून परत जिन्यातच जाऊन बसल्या असत्या. अशा वेळी माणसाला सगळ्यांचा देव नको असतो, स्वतःचा हवा असतो. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले आणि बघत राहिले. माळ ओढणीखाली, अंगठा मण्यावर इतका दाबलेला की नखाभोवती पांढरा पडलेला. कोणाचा फोन वाजला, कोणी पायाला लागून गेलं की मोजणी चुकायची आणि पुन्हा पहिल्या मण्यापासून सुरू. तासाभरात पाच वेळा.

"माळ चुकली तर काय होईल ताई?"

"तर ते जातील."

इतकं पटकन बोलल्या की त्या स्वतःच दचकल्या.

मागचं बाहेर यायला अजून दोन भेटी लागल्या. वडील आजारी असताना रात्रभर जप करायचा ठरवला होता, पहाटे चारच्या सुमाराला डोळा लागला आणि उठल्या तेव्हा वडील गेलेले. बावीस वर्षं झाली. मी झोपले म्हणून ते गेले, हे त्यांनी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. म्हणजे अडचण चाचांची नव्हतीच, पुन्हा आपल्या हातून काहीतरी चुकेल याची धास्ती होती.

केनेथ पार्गामेंट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या कामाचा माझ्यावर फार प्रभाव आहे. त्यांनी दाखवलं की आजारपणात श्रद्धा आधार देते तशी छळूही शकते, देव आपल्याला शिक्षा करतोय असं वाटायला लागलं की माणूस आतून खचतो. आणि सिसिली सॉन्डर्स, आधी नर्स, मग सोशल वर्कर, मग डॉक्टर झालेली बाई, 1967 मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या माणसांची काळजी घेणारी जागा, सुरू केलं, त्या म्हणायच्या दुखणं नुसतं शरीराचं नसतं, मनाचं असतं, नात्यांचं असतं आणि श्रद्धेचंही असतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2002 मध्ये पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे गंभीर आजारात त्रास हलका करणाऱ्या सेवेच्या, व्याख्येत हे आध्यात्मिक दुखणं धरलंय. तरी वॉर्डात पेशंटला दहापैकी किती दुखतंय विचारतात, हे दुखणं कोणी विचारत नाही.

एके दिवशी जिना पुसायला घेतला होता म्हणून आम्ही खोलीच्या दाराशी उभ्या होतो. आत चाचा खुर्चीवर बसून नमाज पढत होते, फक्त पाठ पुढे वाकवून. ताई बराच वेळ बघत होत्या.

"खाली नाही बसत ते?"

"गुडघे वाकत नाहीत त्यांचे. त्यांच्यात आजाऱ्याला सवलत आहे. उभं राहता येत नसेल तर बसून, बसता येत नसेल तर पडून, तेही जमत नसेल तर नुसत्या खुणेने."

"आणि ते त्यांच्या देवाला चालतं?"

"चालतं."

गप्प झाल्या. मीही गप्प राहिले, आणि ते सोपं नव्हतं, शब्द अगदी ओठांवर आले होते. मग हळूच विचारलं, "दमलेल्या मुलीची झोप तुमच्या देवाला चालली नसेल का?"

त्या दारातच खाली बसल्या आणि रडल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "तीन रात्री जागले होते हो मी." बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना ती चूक न दिसता त्या तीन रात्री दिसल्या. हे मी समजावून झालं नसतं. वेगवेगळ्या खोल्या असत्या तर ती खुर्ची त्यांना दिसलीच नसती, म्हणून मी या एका खोलीसाठी इतकी भांडते.

आता ज्यांना हाच प्रश्न पडलाय त्यांच्यासाठी. एका खोलीत बसणं म्हणजे एकत्र प्रार्थना करणं नाही, तुमचे शब्द तुमचेच राहतात. मन घेत नसेल तर तिथे जाऊच नका, पलंगाशेजारी मनातल्या मनात म्हणा, कमी काही होत नाही. आत गेलात तर आवाज हळू, दुसऱ्याचा ग्रंथ किंवा चटई हलवायची असेल तर आधी विचारायचं. उदबत्ती-दिवा मात्र नको, ऑक्सिजन चालू असतो तिथे ठिणगीसुद्धा धोक्याची, यात श्रद्धेचा अपमान नाही. कॅथलिक कुटुंबं फादरना बोलवायला घाबरतात, पेशंटला वाटेल शेवट आला, पण आजाऱ्याचा तेलाभिषेक, म्हणजे फादर तेल लावून करतात ती प्रार्थना, गंभीर आजारातल्या कोणासाठीही आहे, फक्त मरणाऱ्यासाठी नाही, तेव्हा लवकर सांगा. आणि समुपदेशक असो की नर्स, तुम्ही न विचारता स्वतःच्या धर्माची प्रार्थना तुमच्यावर लादत असेल तर स्पष्ट नाही म्हणा, तक्रार करा. आमचं काम तुमच्या श्रद्धेच्या शेजारी बसायचं आहे, तिच्यात शिरायचं नाही. पेशंट शुद्धीवर असेल तर सगळ्यात आधी त्याला विचारा, त्याला काय हवंय, कारण घरचे बऱ्याचदा स्वतःच्या भीतीसाठी प्रार्थना करतात आणि पेशंटला नुसता हात धरायला कोणीतरी हवं असतं.

दुसऱ्या दिवसापासून ताई खोलीत बसायला लागल्या. चाचांच्या नमाजची वेळ त्यांनी मला विचारून घेतली, खोलीत खुर्ची एकच आहे आणि तेवढ्या वेळात ती मोकळी असायला हवी म्हणून. माळ अजूनही चुकायची, पण आता चुकली तिथूनच पुढे.

त्यांच्या मिस्टरांचं पुढे काय झालं ते मुद्दाम लिहीत नाहीये. लिहिलं की वाचणारा लगेच जप आणि निकालाचा हिशोब जुळवणार, आणि तोच हिशोब सोडायला ताईंना बावीस वर्षं लागली होती.