दोन-दोन डबे आणि एक पिशवी

"मावशी, आम्ही समा भागात तळमजल्यावर राहतो. ऑगस्ट 2024 च्या पुरात विश्वामित्रीचं पाणी घरात कमरेइतकं होतं. तेव्हापासून मला काही टाकवत नाही. चिखल लागलेले लग्नाचे अल्बमसुद्धा ठेवलेत. शिवाय तेल, पीठ, मेणबत्त्या सगळं दुप्पट आणते. माळा भरला, पलंगाखालीही जागा नाही. सून म्हणते, आई, हे घर आहे की गोडाऊन? पाऊस लागला की झोप उडते. काय करू?"
– एक वाचक, बडोदे

ताई,

तुमची भीती खुळी नाही, हे आधी सांगते. 31 जुलै 2019 ला बडोद्यात एका दिवसात 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला होता. पाचच वर्षांत पुन्हा घरांत पाणी. काळ्या घोड्याच्या पुलाजवळ नदी किती फुटांवर आहे, हे पावसाळ्यात आपल्याकडे घरोघर विचारतात. पुन्हा पूर येणार नाही, असं मी कुठल्या तोंडाने सांगू?

पण आलाच, तर सिंगतेलाचा 15 किलोचा डबा उचलून तुम्ही शेजाऱ्यांच्या दुसऱ्या मजल्यावर जाणार आहात का? पलंगाखालचं तर सगळ्यात आधी भिजेल.

त्यापेक्षा एक पिशवी भरा. जाड प्लॅस्टिकच्या पाकिटात घराचा दस्तावेज, पेन्शनचे कागद, विमा, पासबुक. सोबत रोजची औषधं, टॉर्च, पॉवर बँक, थोडी रोकड. आधार, पॅन सूनबाईंकडून डिजिलॉकरमध्ये घालून घ्या. घराच्या विम्यात पूर आणि आतलं सामान दोन्ही धरलंय का, तेही बघा. पुष्कळदा नुसती इमारत धरलेली असते. ही पिशवी मे महिन्यातच दाराजवळच्या खुंटीला लागू दे. पिण्याचं पाणी आणि चार-पाच दिवस पुरतील इतके पोहे, चणे उंचावर ठेवा. त्यापलीकडचं पुरासाठी ठेवलंय, असं स्वतःला सांगू नका. पावसाळी हवेत त्या रव्याला नुसती जाळी धरणार.

आता अल्बम. सुनेला वाटतं ती घाण आहे, तुम्हाला वाटतं ते लग्न आहे. मला दोघींचं पटतं. प्लॅस्टिकला चिकटलेला फोटो ओढू नका, चेहऱ्यासकट निघून येतो. आधी प्लॅस्टिकवरूनच मोबाइलवर एकेक टिपून घ्या. मग नणंदेला, भावजयीला फोन करा. आपल्याकडे एका लग्नाचे फोटो चार घरांत असतात, आणि तुमचं मागणं ऐकून कुणीतरी कपाट उघडेलच. तिकडून जे मिळतील, त्यांच्या चिखलाच्या प्रती जाऊ द्या. ज्यांना जोड नाही, ते एका बिस्किटाच्या डब्यात राहू देत, चेहरा दिसो न दिसो. इतकं सामान कुणाच्याही घरात मावतं. पाण्याने फुगलेलं पार्टिकल बोर्डचं कपाट मात्र भंगारवाल्याला द्या, त्यावर चर्चा नको.

माळा सूनबाईंबरोबर काढा, पण तुम्ही घरी असताना. तुमच्या माघारी तिने एक वस्तू जरी टाकली, तरी तुम्ही दोन आणाल.

झोपेचं मात्र आवरण्याने भागेलच असं नाही. ढग आले की अजूनही छातीत धडधडत असेल, तर टेलि-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या नंबरवर बोला. फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो. मन घट्ट करा म्हणणाऱ्यांचं ऐकत बसू नका.

आणि तेलाचे डबे टाकायचे नाहीत हं. तारीख बघा, जुना आधी फोडा, आणि तो संपेपर्यंत नवा आणू नका.

– मावशी