वाचक विचारतात : व्हर्टिकल ट्यून होईना, बघायचं कुठं?

पाऊस उघडला की गच्चीवर, परड्यात अँटेना चढायला लागतात आणि पाठोपाठ तुमचे प्रश्न यायला लागतात. यावेळचे सगळे हॅम रेडिओच्या (हौशी वायरलेसच्या) ट्रॅपवाल्या मल्टिबँड व्हर्टिकलचेच, म्हणजे अनेक बँडवर चालणाऱ्या उभ्या अँटेनाचेच आहेत, म्हणून एकत्रच घेतलेत.

प्रश्न (खानापूर) : सर, परड्यात फोर-बँड व्हर्टिकल उभी केलीय, १०, १५, २० आणि ४० मीटरची. मी जास्त फोर्टीवरच (४० मीटर बँडवर) असतो म्हणून आधी फोर्टी सेट केला, ७.१०० मेगाहर्ट्झला मस्त आला. मग ट्वेंटी जागेवर आणला तर फोर्टी खाली घसरला. तो परत वर आणला आणि टेन बघितला तर टेन बँडच्या बाहेर, तो सरळ केला तर बाकीचे सगळेच हलले. एक नीट केला की दुसरा बिघडायलाय. ट्रॅप गेलेत काय?

उत्तर : ट्रॅप गेलेले नाहीत, उलट ते बरोबर काम करताहेत हेच यातनं दिसतंय. फक्त सुरुवात उलट्या टोकाकडनं झालीय.

या अँटेनात सगळ्यात खाली १० मीटरची नळी, तिच्यावर १० चा ट्रॅप, मग १५ ची नळी आणि १५ चा ट्रॅप, तसंच २० चं, आणि शेंड्याला फोर्टीचा तुकडा. ट्रॅप म्हणजे समांतर जोडलेली कॉइल आणि कपॅसिटर. आपल्या बँडवर तो इतका मोठा इम्पिडन्स (अडथळा) दाखवतो की वरची अँटेना जणू कापून टाकलीय, पण त्याहून खालच्या फ्रिक्वेन्सीला तोच ट्रॅप नुसत्या कॉइलसारखा वागतो आणि अँटेना आहे त्याहून लांब असल्यासारखी चालते. म्हणून तर फोर्टीला पाव वेव्हलेंथ म्हणजे दहा मीटर उंची लागते तिथं तुमचं काम साडेसहा मीटरच्या आसपास भागतं. आता बघा, १० ची नळी सगळ्या बँडमध्ये आहे, शेंड्याचा तुकडा मात्र जवळजवळ एकट्या फोर्टीचा. खालचं हलवलं की वरचं सगळं हलणारच. म्हणून क्रम एकच : आधी १०, मग १५, मग २०, सगळ्यात शेवटी ४०. एक बँड झाला की त्याच्या खालच्या, नळ्या आवळणाऱ्या कुठल्याच क्लिपला परत हात लावायचा नाही.

नळीवर मार्करनं खूण करा, क्लिप ढिली करून एक सेंटिमीटरच सरकवा, क्लिप घट्ट आवळा आणि मगच रीडिंग घ्या, ढिल्या क्लिपवरचं रीडिंग काही कामाचं नसतं. टेन मीटरला नळी साधारण अडीच मीटर, त्यात एक सेंटिमीटर म्हणजे १०० किलोहर्ट्झच्या वरच फरक, तेव्हा भसकन दोन-तीन इंच ओढू नका. पहिल्या सेंटिमीटरला किती सरकलं ते लिहून ठेवलं की पुढचा हिशेब तोंडी होतो. लांब केली की फ्रिक्वेन्सी खाली, आखूड केली की वर. फोर्टीला रुंदी कमी मिळते, आपला बँड ७.००० ते ७.२००, तेव्हा तुम्ही जिथं बसता तिथंच तो ठेवा.

हे सगळं अँटेना तिच्या कायमच्या जागेवर उभी करून, रेडियल (बुडापासून चारी बाजूंना पसरलेल्या तारा) जोडूनच करायचं. स्टुलावर आडवी टाकून घेतलेलं रीडिंग उभी केल्यावर लागू होत नाही. आणि तिथंच जवळ पत्र्याची शेड, कपडे वाळत घालायची तार किंवा बोअरचा लोखंडी पाइप असेल तर आधी जागा बदलायचं बघा, विजेच्या तारांपासून तर अँटेनाच्या पूर्ण उंचीपेक्षा जास्त लांब पाहिजेच, उभी करताना तोल गेला तर ती तारेवर पडता कामा नये.

प्रश्न (निपाणी) : काका, मी कॉलेजला आहे, बाबा हॅम आहेत. शेतातल्या घराशेजारी व्हर्टिकल लावलीय. चार रेडियल होते तेव्हा ट्वेंटीला एसडब्ल्यूआर (अँटेना रेडिओच्या केबलशी किती जुळते तो आकडा, १ म्हणजे उत्तम) १.१ होता. सुट्टीत दोघांनी मिळून आणखी बरेच रेडियल टाकले तर तो १.४ झाला, फोर्टीला तर १.६. एवढी मेहनत करून बिघडवलं म्हणून बाबा नाराज आहेत. काढून टाकू काय?

उत्तर : अगं, बिघडलं नाही, सुधारलंय! एकपण रेडियल काढू नकोस आणि बाबांना हा हिशेब दाखव.

चांगल्या जमिनीवरच्या पाव वेव्हलेंथ व्हर्टिकलचा स्वतःचा रेझिस्टन्स साधारण ३६ ओहम. तिच्या बुडाशी जमिनीचा लॉस १४ ओहम धर, बेरीज झाली ५०, कोॲक्स (रेडिओपासून अँटेनापर्यंतची केबल) पण ५० चीच, म्हणून मीटर म्हणतोय सगळं छान. पण ५० वॅट सोडले तर त्यातले १४ वॅट नुसती माती गरम करायला जातात. रेडियल वाढवून लॉस ४ ओहमवर आला की बेरीज ४०, एसडब्ल्यूआर १.२५, आणि मातीत जातात फक्त ५ वॅट. लॉस अगदी नाहीसा झाला तर ३६ ला एसडब्ल्यूआर १.४ च्या जवळ जाणार. फोर्टीला तुमची अँटेना ट्रॅपनं आखूड झालेली आहे, तिचा रेझिस्टन्स अजून कमी, म्हणून तिथं १.६. रिगला, म्हणजे रेडिओ सेटला, त्यानं काही होत नाही. अगदी ५० पाहिजेच असेल तर बुडाशी फीडपॉइंटवर, म्हणजे कोॲक्स जोडतो तिथं, अँटेना आणि जमीन यांच्यामध्ये एक मॅचिंग कॉइल लावून फोर्टीचा तुकडा किंचित आखूड करतात, त्या कॉइलमधनं अँटेनावर साठणारा स्टॅटिकपण जमिनीत उतरतो.

जमिनीवर टाकलेल्या रेडियलची लांबी मोजून कापायची गरज नसते, माती त्यांना डीट्यून करतेच, म्हणजे त्यांची फ्रिक्वेन्सी हलवतेच. संख्या महत्त्वाची. तार तेवढीच असेल तर दहा मीटरचे चार टाकण्यापेक्षा पाच मीटरचे आठ टाकलेले बरे, सोळापर्यंत गेलात तर उत्तमच. इन्सुलेशनवाली तांब्याची वायर चालते, ॲल्युमिनियमची तार मातीत खाऊन जाते. आणि काळी जमीन पावसात ओली गच्च आणि उन्हाळ्यात भेगाळलेली, त्यामुळं रेडियल कमी असतील तर रीडिंग ऋतूप्रमाणं फिरतं, भरपूर असले की ते बरंच स्थिर राहतं. फक्त जिथं कुळव किंवा ट्रॅक्टर फिरतो तिकडं टाकू नका, एका फेरीत सगळे तुटतील.

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव) : स्लॅबवर पाइपला बांधून व्हर्टिकल लावलीय. उन्हाळ्यात ठीक होती, पावसाळ्यात १० ठीक, पण १५, २०, ४० सगळे बँड कधी बरे, कधी एकदम ३ च्या वर. कोॲक्सला हात लावला तरी रीडिंग बदलतंय. काय करू?

उत्तर : यात दोन वेगळी दुखणी आहेत, ती एकत्र करू नका.

पहिलं, १० ठीक आणि बाकीचे सगळे बँड बिघडलेले म्हणजे संशय १० च्या ट्रॅपवर किंवा त्याच्या लगेच वरच्या जोडावर. ट्रॅप उतरवा आणि बघा. पाणी निथळायची भोकं खालच्या बाजूलाच पाहिजेत, बसवताना ट्रॅप उलटा गेला तर तो पाणी साठवून ठेवतो. आपल्याकडं तर त्या बारीक भोकात कुंभारीण माशी मातीचं घर करते, बाहेरनं ट्रॅप धडधाकट दिसतो आणि आत ओल तशीच राहते. काडीनं माती काढा, ट्रॅप उन्हात खणखणीत वाळवा. मग जोड उघडा, नळीवर पांढरी भुकटी दिसली तर ते ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, बारीक पॉलिश पेपरनं घासून कंडक्टिव्ह ग्रीस लावून परत बसवा. तांब्याची वायर थेट ॲल्युमिनियमवर आवळू नका, मध्ये स्टेनलेस स्टीलचा वायसर घाला. एवढ्यावरही, कोरड्या हवेतसुद्धा, पॉवर सोडल्यावर थोड्या वेळानं एसडब्ल्यूआर चढत गेला तर ट्रॅप आत तापतोय किंवा स्पार्क होतोय, तो बदलायलाच लागणार.

दुसरं, कोॲक्सला हात लावल्यावर रीडिंग बदलतंय म्हणजे कोॲक्सची जाळीच रेडियल झालीय. गच्चीवर जमीन नसते, तिथं रेडियल मापातलेच पाहिजेत : प्रत्येक बँडला निदान दोन, फोर्टीला दहा मीटर, ट्वेंटीला पाच, फिफ्टीला साधारण ३.३५, टेनला अडीच. स्लॅबमधल्या सळ्यांमुळं ते डीट्यून होतात म्हणून स्लॅबवर लोळत ठेवू नका, जेवढे उचलता येतील तेवढे उचला, टोकांना ट्रान्समिट करताना मोठं व्होल्टेज असतं तेव्हा पोरांच्या हाताला लागणार नाहीत असे बांधा. मग जाळीवरचा करंट अडवायला फीडपॉइंटला फेराइटचा चोक घाला.

आणि हो, वर चढलाच आहात तर अँटेना सोडवून कोॲक्सच्या त्या टोकाला ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा रेझिस्टर) लावून खालनं बघा. तिथं १.१ च्या आसपास आला पाहिजे, नाही आला तर दोष कोॲक्समध्ये किंवा कनेक्टरमध्ये आहे, बहुतेक पाणी शिरलंय.

प्रश्न (संकेश्वर) : एवढं सगळं करण्यापेक्षा रिगजवळ ट्युनर लावला तर चालतंय की?

उत्तर : रिगला चालतंय, अँटेनाला त्याचा पत्ताच नसतो. ट्युनर खोलीत बसून रिगला ५० ओहम दाखवतो, पण कोॲक्सवरचा एसडब्ल्यूआर होता तसाच राहतो आणि लांब, बारीक आरजी-५८ जातीची कोॲक्स असेल तर त्यातच बरीच पॉवर जाते. मॅच १.५-२ च्या आत असताना बँडच्या कडेला थोडं सांभाळून घ्यायला ट्युनर उत्तम. आणि एखादी अँटेना सगळ्या फ्रिक्वेन्सीवर, हॅम बँडच्या बाहेरसुद्धा, सरळ १.२ दाखवत असेल तर खूश होऊ नका, कोॲक्स भिजलेली असण्याची शक्यता जास्त. ती बदला, मग ट्युनरचं बघू.