वहीत सगळं बरोबर, टेस्टमध्ये पान कोरं

आठवीतल्या एका मुलाची आई आली होती (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत). प्रश्न तोच, जो हल्ली बरेच पालक घेऊन येतात, की मॅडम, गणिताच्या होमवर्कचा हा फोटो काढतो, अॅप सगळ्या पायऱ्या देतं, हा उतरवून मोकळा, वहीत टिकमार्कच टिकमार्क आणि टेस्टमध्ये पान कोरं, तर ते अॅप डिलीटच करून टाकू का?

मी म्हटलं थांबा, आधी त्याच्याशी बोलते. पोरगा आळशी वगैरे अजिबात नव्हता. म्हणाला, "बघितलं की कळतं सगळं, पण स्वतः करायला बसलो की सुरुवात कुठून करायची तेच सुचत नाही." खरी गोम इथेच असते. सोडवलेलं गणित वाचताना पुढची पायरी कोणती हे आधीच कोणीतरी ठरवून ठेवलेलं असतं, आपण नुसती मान डोलवायची, आणि टेस्टमध्ये नेमकं तेच ठरवायचं असतं.

वहीतलंच एक गणित दिलं, ३(क्ष − ४) = २क्ष + ५. वहीत उत्तर १७, बरोबर होतं. वही मिटली आणि कोऱ्या कागदावर पहिलीच ओळ आली ३क्ष − ४ = २क्ष + ५, म्हणजे कंसाबाहेरच्या ३ ने ४ ला गुणलंच नाही, आणि उत्तर ९. आई लगेच बोलायला निघाली, तिला खुणेनेच थांबवलं. त्याला म्हटलं, क्षच्या जागी ९ टाकून बघ. डावीकडे १५, उजवीकडे २३. थोडा वेळ गप्प, मग स्वतःच "अरे, ४ ला पण गुणायचं होतं". ३क्ष − १२ केलं, १७ आलं, दोन्हीकडे ३९. ताळा करून बघायचा हे त्याच्या डोक्यातच नव्हतं, कारण उतरवलेल्या उत्तराचा ताळा कोण करतंय!

अॅप ठेवा म्हटलं, कारण सोडवलेलं गणित बघणं यात वाईट काही नाही. १९८५ मध्ये जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी बीजगणितावरच प्रयोग केले होते, त्यात सोडवलेली उदाहरणं नीट अभ्यासणारी मुलं पुढची तशीच गणितं जास्त लवकर सोडवत होती. फक्त बघण्याची पद्धत बदलायची. एक गणित पूर्ण बघायचं, आकडे बदललेल्या दुसऱ्याची शेवटची ओळ कागदाने झाकून ती आपण लिहायची, पुढच्याच्या शेवटच्या दोन ओळी झाकायच्या, असं करत करत शेवटी नुसता प्रश्न उरतो. आणि प्रत्येक ओळीशेजारी कारण, दोनतीन शब्दांत, कंस सोडवला, दोन्हीकडून २क्ष वजा केले. 'पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं' हे कारण मी चालवून घेत नाही, अर्धी मुलं तेवढंच पाठ करतात आणि मग गुणाकारातला ३ पलीकडे नेऊन वजा करून टाकतात.

आईला एकच काम दिलं, तो अडला तर पेन्सिल हातात घ्यायची नाही, फक्त विचारायचं, "काय दिलंय आणि काय काढायचंय?"

समीकरणं आता बरीच सुटतात. शाब्दिक उदाहरणांत अजून अडतो. वडिलांचं वय मुलाच्या तिप्पट, ५ वर्षांनी दोघांच्या वयांची बेरीज ५८, तर आजची वयं काढा. याने क्ष + ३क्ष + ५ = ५८ मांडलं, उत्तर अपूर्णांकात आलं म्हणून वैतागला, पण ५ वर्षं दोघांचीही वाढतात, म्हणजे १० मिळवायचे, हे ध्यानात आल्यावर १२ आणि ३६ काढून मोकळा झाला. त्यामुळे सध्या शाब्दिक गणितं पूर्ण सोडवायचीच नाहीत असं ठरलंय, नुसतं क्ष म्हणजे कोणाचं आजचं वय आणि ५ वर्षांनी कोण किती वर्षांचं, एवढं लिहायचं आणि पुढच्या गणिताकडे जायचं.