मॉडिफाय केलेल्या जुन्या झेनला कोणते स्पार्क प्लग लावावेत?

तुमची मारुती झेन १९९७ ची, कार्बोरेटरवाली. हेड फेसिंग करून (इंजिनच्या हेडचा खालचा पृष्ठभाग थोडा घासून) कॉम्प्रेशन थोडं वाढवलंय, सायलेन्सर मोकळा केलाय, आणि मेकॅनिकने 'मॉडिफाय गाडीला थंड प्लग लागतात' म्हणून दोन नंबर (मूळपेक्षा दोन पायऱ्या) थंड प्लग टाकलेत. आता सिग्नलला गाडी मिसिंग मारते, प्लग काळेकुट्ट निघतात, आणि तुम्ही विचारताय की इरिडियम घेऊ का. माझं मत सांगतो: तूर्त काहीच घेऊ नका. आहेत ते चारही प्लग काढून, सिलिंडरच्या क्रमाने पुठ्ठ्यात खोचून, उजेडात बघा.

थंड प्लग म्हणजे ज्वलनाची उष्णता हेडमध्ये लवकर सोडून देणारा प्लग. त्याची आतली चिनी माती आखूड असते, गरम प्लगची लांब. प्लगचं टोक साधारण ४५० अंशांच्या वर गेलं की त्यावरची काजळी आपोआप जळून जाते. ८५० च्या आसपास पोचलं की तेच टोक निखाऱ्यासारखं होऊन ठिणगीआधीच पेट्रोल पेटवतं. शहरात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाडीत दोन नंबर थंड प्लग त्या ४५० पर्यंत पोचतच नाही. माझ्या झेनचीही हीच गत होती. कात्रजहून शिवाजीनगरला रोज जाणं-येणं, आणि दर पंधरा दिवसांनी प्लग साफ करणं. पुस्तकात दिलेल्या नंबरावर परत आलो आणि आठवड्यात तीन प्लग स्वच्छ झाले. चौथा मात्र ओलसर, तेलकट काळाच राहिला. कोरडी, मऊ, बोटाला लागणारी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा प्लग थंड. चकचकीत ओलं काळं म्हणजे ऑइल. माझ्याकडे वॉल्व्ह सील, म्हणजे ऑइल सिलिंडरमध्ये झिरपू न देणारी रबरं, गेली होती. थंड प्लगांनी चारही काळे केल्यामुळे ते इतके दिवस दिसलंच नव्हतं.

हलकं मॉडिफिकेशन असेल तर कंपनीने दिलेलाच नंबर ठेवा. कॉम्प्रेशन बरंच वाढलं असेल, किंवा गाडी तासन्‌तास फुल थ्रॉटलवर पळणार असेल, तरच एक नंबर थंड. टर्बो लावलेल्या गाडीची गोष्ट वेगळी. आणि नंबरांचा घोळ लक्षात ठेवा: एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये आकडा वाढला की गरम. बॉशचा ७ हा ढोबळमानाने एनजीकेच्या ६ च्या जोडीचा. दुकानात नुसतं 'सात नंबर द्या' म्हणालात तर काय हातात पडेल सांगता येत नाही. आट्यांची लांबी जुन्या प्लगशी ताडून बघा; जास्त लांब प्लग पिस्टनला किंवा वॉल्व्हला भिडू शकतो.

आता तपासणी. घरी येऊन, गाडी आयडलवर ठेवून मग काढलेला प्लग फक्त आयडलची हकिकत सांगतो. मोकळा, सरळ रस्ता बघा, तिसऱ्या गिअरमध्ये काही सेकंद पूर्ण थ्रॉटल द्या, क्लच दाबा आणि त्याच क्षणी इग्निशन बंद करून बाजूला थांबा. किल्ली एकच खटका मागे फिरवा, नाहीतर स्टेअरिंग लॉक होईल. इंजिन बंद असताना ब्रेकही जड लागतो, म्हणून मागेपुढे कुणी नसेल तिथेच हे करा. मग प्लग काढून भिंगाने खोल आत बघा, जिथे चिनी माती लोखंडात शिरते. पेट्रोल-हवेच्या मिश्रणाचा खरा रंग तिथे, टोकावर नाही. टोकासमोर वळलेल्या बाजूच्या धातूच्या पट्टीवर तापून रंग बदलल्याची रेघ दिसते: ती वळणाजवळ असेल तर प्लगचा नंबर बरोबर, अगदी टोकाशी असेल तर प्लग फार थंड. चिनी मातीवर मिऱ्याच्या पुडीसारखे काळे कण किंवा ॲल्युमिनियमचे चमकते ठिपके दिसले तर गाडी चालवणं थांबवा आणि टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) तपासा. ती नॉकिंगची, म्हणजे मिश्रण धडाक्याने पेटण्याची, खूण आहे, पिस्टन झिजतोय.

जुन्या पुस्तकांतला विटकरी रंग शोधत बसू नका. तो शिसं असलेल्या पेट्रोलच्या काळातला. आता रंग फिकाच येतो. पण अगदी पांढराफटक आणि कोरडा ठणठणीत दिसला तर कार्बोरेटरमधलं जेट (पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) बघा. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटमधून मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) होतं, आणि कार्बोरेटरला ते स्वतःहून सावरता येत नाही.

इरिडियम वाईट नाही. ठिणगीला व्होल्टेज कमी लागतं, टिकतो जास्त. पण ताकद वाढवत नाही, आणि त्याच्या बारीक टोकाला तारेचा ब्रश लावता येत नाही. ट्यूनिंग चालू असताना प्लग वारंवार काढावे लागतात, तेव्हा साधा कॉपर प्लगच बरा. ओळखीच्या दुकानातून घ्या, नकली खूप आहेत. नव्या प्लगचीही गॅप (टोक आणि पट्टी यांमधली फट) फिलर गेजने मोजा.

बसवताना इंजिन थंड हवं. हेड ॲल्युमिनियमचं आहे, आटे गेले तर खर्च मोठा. आधी पाना न लावता नुसत्या हाताने शेवटपर्यंत फिरवा. अडला तर उलटा काढून परत सुरू करा. वायसर टेकला की पान्याने अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा, बस. तोच जुना प्लग परत लावत असाल तर वायसर आधीच दबलेला असतो, तेव्हा जेमतेम एक-बारांश फेरा पुरतो.