नवाहो वाटाड्यासोबत मॉन्युमेंट व्हॅली : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : येत्या जूनमध्ये आम्ही सहा जण, म्हणजे आम्ही दोघे, दोन मुले आणि माझे सासू-सासरे, अमेरिकेतले ग्रँड कॅन्यन पाहून मॉन्युमेंट व्हॅली या लाल सुळक्यांच्या दरीत जाणार आहोत. तिथला सतरा मैलांचा रस्ता स्वतःच्या गाडीने फिरता येतो, असे समजले. मग तिथल्या नवाहो या आदिवासी जमातीतल्या स्थानिक गाइडच्या सहलीसाठी माणशी वेगळे पैसे का मोजावेत, असा प्रश्न घरात निघाला आहे. सहल घ्यायचीच झाली, तर दीड तासाची घ्यावी, अडीच तासांची की दिवसभराची? सासऱ्यांना पाठीचे दुखणे आहे, हेही लक्षात घेऊन सांगावे.

उत्तर : गाइड न घेता ही दरी पाहता येते, आणि ज्यांच्याजवळ जेमतेम दोन तास आहेत त्यांनी तसे पाहायला हरकत नाही. अभ्यागत केंद्राच्या सज्जातून दोन 'मिटन' (हातमोजे) आणि मेरिक हे तीन सुळके समोर उभे दिसतात. छायाचित्रांतून आपल्या ओळखीचे झालेले दृश्य ते हेच. तिथून खाली उतरणारा सतरा मैलांचा, म्हणजे सुमारे सत्तावीस किलोमीटरचा कच्चा रस्ता खासगी मोटारींना खुला आहे. वेस्ट मिटनला वळसा घालणारी वाइल्डकॅट ही पायवाटही गाइडशिवाय चालता येते. मात्र या दोन वाटा सोडल्या, तर बाकी सारी दरी नवाहो गाइड सोबत असल्याशिवाय कोणालाही खुली नाही, आणि माझ्या मते दरीचा खरा ऐवज त्या बंद भागातच आहे.

हा नियम का आहे, ते समजून घेतले की पैशांचा प्रश्न वेगळ्या रीतीने दिसू लागतो. मॉन्युमेंट व्हॅली हे अमेरिकी संघराज्याचे राष्ट्रीय उद्यान नाही. अॅरिझोना, युटा आणि न्यू मेक्सिको या तीन राज्यांत मिळून सुमारे सत्तावीस हजार चौरस मैल पसरलेल्या नवाहो राष्ट्राचे, म्हणजे नवाहोंच्या स्वशासित प्रदेशाचे, ते स्वतःचे उद्यान आहे, आणि नवाहोंच्या कौन्सिलने ते १९५८ साली स्थापन केले. राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास इथे चालत नाही. प्रवेशशुल्क दरडोई आकारले जाते आणि ते नवाहो राष्ट्राच्या उद्यान विभागाकडे जमा होते. दरीत आजही नवाहो कुटुंबे राहतात, त्यांची मेंढरे आणि घोडे तिथे चरतात, त्यांच्या पूर्वजांशी आणि विधींशी जोडलेल्या जागा तिथे आहेत. वाट सोडून पुढे जाणारा पाहुणा कोणाच्या तरी अंगणात शिरतो, म्हणून त्याच्यासोबत घरचे माणूस असावे, अशी ही साधी आणि न्याय्य अपेक्षा आहे.

आता गाइडमुळे प्रत्यक्ष काय मिळते, ते पाहू. सतरा मैलांच्या रस्त्यावर आपल्याला हत्ती, उंट, तीन बहिणी, टोटेम पोल अशा नावांच्या पाट्या दिसतात. ही बहुतेक नावे बाहेरून आलेल्यांनी ठेवलेली आहेत. टोटेम पोल ही तर मुळात नवाहोंची वस्तूच नव्हे. ते कोरीव खांब दूरच्या वायव्य किनाऱ्यावरच्या जमातींचे. त्या सुळक्याशेजारी खडकांची जी ओळ उभी आहे, तिला नवाहो येई बि चेई म्हणतात, कारण रात्रीच्या विधीत रांगेने येणाऱ्या मुखवटाधारी नर्तकांची आकृती त्यांना तिच्यात दिसते. केयेंटा गावाकडून येताना लागणाऱ्या काळ्या सुळक्याला नकाशावर स्पॅनिश नावही आहे, पण नवाहोंसाठी तो अगाथ्ला, म्हणजे 'पुष्कळ लोकर' आहे. तो जुन्या ज्वालामुखीचा उघडा पडलेला गाभा आहे. दरीतले लाल सुळके मात्र थरांच्या खडकाचे आहेत : तळाशी ठिसूळ शेल, त्यावर डी शे नावाच्या वालुकाश्माचा सरळ कडा आणि माथ्यावर झीज रोखून धरणारे कठीण थरांचे टोपण. पायाचा मऊ शेल झिजतो, आधार गेलेला वालुकाश्म उभ्या चिरांवर कोसळतो, म्हणून भिंती इतक्या सरळसोट राहतात. लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा आणि भिंतींवरून उतरलेले काळे ओघळ मुख्यतः मॅंगनीजचे. हे सगळे चालत्या गाडीत बोटाने दाखवून, आपल्या आजीच्या घराच्या गोष्टीत गुंफून सांगणारा माणूस शेजारी बसलेला असणे आणि खिडकीतून सुळके मोजत पुढे जाणे, यांत मोठे अंतर आहे.

सहलीची लांबी ठरवताना एकच प्रश्न विचारावा : ही गाडी रस्ता सोडून आतल्या भागात जाते का? दीड तासाच्या सहली साधारणपणे त्याच सतरा मैलांच्या रस्त्यावर फिरतात, जिथे तुम्ही स्वतःही जाऊ शकला असता. तुमच्यासारख्या कुटुंबाला मी ती सुचवणार नाही. अडीच तासांच्या सहलीत बहुधा आतला भाग येतो. तिथे बिग होगन नावाची प्रचंड घुमटीसारखी कपार आहे आणि तिच्या छताला धुराड्यासारखे आकाशाकडे उघडणारे भोक आहे. गाइड पाहुण्यांना तिथल्या उतरत्या खडकावर पाठ टेकून निजायला सांगतात आणि काही जण बासरी किंवा गाणे ऐकवतात; त्या कपारीत आवाज इतका भरून येतो की लहान मुलेही आपोआप गप्प होतात. सन्स आय या कमानीजवळ खडकात कोरलेली प्राण्यांची जुनी चित्रे आहेत, आणि इअर ऑफ द विंड ही कमान वाळूच्या उतारावरून पाहता येते. लहान मुले आणि वृद्ध माणसे बरोबर असताना हीच सहल घ्यावी, असे मला निःशंकपणे वाटते. मिस्टरी व्हॅलीची दीर्घ सहल प्राचीन प्वेब्लो लोकांच्या घरांच्या अवशेषांसाठी अप्रतिम आहे, पण तिच्यात चढ-उताराचे चालणे येते. हंट्स मेसा या सपाट माथ्याच्या डोंगरावरचा मुक्काम धडधाकट माणसांनी वेगळा वेळ काढून करावा.

सासऱ्यांच्या पाठीबद्दल मात्र सावध राहावे लागेल. बहुतेक सहलींच्या गाड्या म्हणजे बाके बसवलेले, वर छप्पर आणि बाजूंनी उघडे असे ट्रक असतात. वाळूत आणि खडकांवर ते चांगलेच आदळतात, शिवाय धूळ नाकातोंडात जाते. नोंदणी करतानाच बंद काचांच्या चारचाकीची खासगी सहल मिळेल का, हे विचारावे. सहा जणांत विभागला की तिचा खर्च वाटतो तितका जड होत नाही. ती मिळाली नाही, तर त्यांना ट्रकमध्ये सर्वांत पुढचे बाक मागून घ्यावे, कारण मागच्या चाकांवरचे धक्के सर्वांत वाईट असतात. तेही सोसणार नसेल, तर त्यांनी सज्जात बसून सुळक्यांवरून सरकणारे ऊन पाहावे. तो वेळ वाया गेला असे त्यांना वाटणार नाही.

स्वतःची गाडी खाली नेण्याचा विचार अजूनही असेल, तर ती भाड्याची असल्यास करारनामा आधी वाचावा. कच्च्या रस्त्यावर नेलेल्या गाडीची जबाबदारी अनेक भाडेकंपन्या घेत नाहीत, आणि वाळूत रुतलेले चाक काढण्याचा खर्च सहा जणांच्या सहलीपेक्षा जास्त होऊ शकतो.

नोंदणी करताना आणखी दोन गोष्टी विचाराव्यात. सहल चालवणाऱ्यांकडे नवाहो उद्यान विभागाचा परवाना आहे का, आणि गाइड याच दरीतल्या किंवा आसपासच्या कुटुंबातला आहे का? दुसऱ्या प्रश्नाने कोणी दुखावत नाही, उलट उत्तर देणाऱ्याला तो आवडतो. प्रवेशशुल्क सहलीच्या दरात धरले आहे की वेगळे, हेही त्याच वेळी स्पष्ट करून घ्यावे.

वेळ निवडायची तर जूनमध्ये दुपार टाळावी आणि संध्याकाळची सहल घ्यावी. सज्जातून दिसणारे सुळके पूर्वेला आहेत, त्यामुळे मावळते ऊन थेट त्यांच्या अंगावर पडते. पहाटे तेच सुळके काळ्या आकृत्यांसारखे दिसतात, आणि तेही सुंदरच असते. घड्याळाचा घोळ मात्र अनेकांना नडतो. अॅरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळे पुढे करत नाही, पण नवाहो राष्ट्र करते. म्हणजे जूनमध्ये ग्रँड कॅन्यनला चार वाजलेले असतात, तेव्हा मॉन्युमेंट व्हॅलीत पाच वाजलेले असतात. सहलीची वेळ 'कोणत्या घड्याळाने' हे विचारून लिहून ठेवावे.

प्रश्न : काही सहलींत पारंपरिक घरात नेऊन वृद्ध नवाहो स्त्रीचे विणकाम दाखवतात, असे वाचले. एखाद्याच्या जगण्याचा असा देखावा करणे मला बरे वाटत नाही. जावे की न जावे? आणि फोटो काढावेत का?

उत्तर : आपला संकोच योग्य जागी आहे आणि तो सोडू नये, पण त्यासाठी जाणे टाळण्याची गरज नाही. पाहुण्यांना घरात घ्यायचे की नाही, हे तिथे त्या बाई आणि त्यांचे कुटुंब ठरवतात. माग, लोकर आणि गालिचा हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय आहे. तिथे आपण विद्यार्थ्यासारखे बसावे. ते घर म्हणजे होगन. त्याचे दार पूर्वेला असते, उगवत्या सूर्यासमोर. विधींच्या वेळी आत सूर्याच्या दिशेने, म्हणजे घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरण्याची रीत आहे, म्हणून आत गेल्यावर गाइड ज्या बाजूने नेईल त्याच बाजूने जावे. दारातच 'याआतेह' म्हणावे, निघताना 'अहेहे' म्हणावे. पहिले अभिवादन आहे, दुसरे आभार.

माणसांचे, घरांचे आणि जनावरांचे फोटो परवानगीशिवाय काढू नयेत, आणि परवानगी मिळाल्यावर काही रक्कम देण्याची पद्धत आहे, ती खळखळ न करता पाळावी. विधींचे फोटो कधीच काढू नयेत. ड्रोन उडवायला तिथल्या उद्यानांत बंदी आहे, आणि दारू नवाहो राष्ट्रात निषिद्ध आहे, म्हणून ती गाडीतही ठेवू नये.

आणखी एक बाब बहुतेकांना माहीत नसते. नवाहोंच्या काही गोष्टी, विशेषतः कोयोटीच्या (कोल्ह्यासारख्या एका प्राण्याच्या), फक्त हिवाळ्यातच सांगायच्या असतात. गाइडने उन्हाळ्यात एखादी गोष्ट अर्ध्यावर सोडली किंवा सांगायचे टाळले, तर आग्रह धरू नये. त्याऐवजी त्याचे कूळ विचारावे. नवाहो माणूस आपली ओळख चार कुळांनी देतो आणि त्यांत पहिले कूळ आईचे असते. त्या एका प्रश्नातून किती गोष्टी उलगडत जातात, ते अनुभवूनच पाहावे.

इतिहासाचा विषय निघाला, तर ऐकून घ्यावे. १८६४ साली अमेरिकी सैन्याने हजारो नवाहोंना शेकडो मैल चालवत न्यू मेक्सिकोतल्या बॉस्क रेडोंडोला नेऊन डांबले. अनेक जण वाटेत आणि तिथे मरण पावले. १ जून १८६८ च्या तहानंतर त्यांना आपल्या भूमीवर परतता आले. गाइड ज्या आपुलकीने खडकांची नावे घेतो, तिच्यामागे हे परत येणे आहे. एवढे माहीत असलेला पाहुणा त्या घरात परका वाटत नाही.

प्रश्न : आमच्याजवळ एक दिवस जास्त आहे. अँटिलोप कॅन्यन ही अरुंद घळ पाहायला जावे का? तिथे पुराचा धोका असतो, असे ऐकून घरचे घाबरले आहेत.

उत्तर : जावे. तिथे नवाहो गाइडशिवाय प्रवेश नाही, आणि त्यामागे एक दुःखद घटना आहे. १२ ऑगस्ट १९९७ रोजी खालच्या अँटिलोप कॅन्यनमध्ये अचानक आलेल्या लोंढ्यात अकरा पर्यटक मृत्युमुखी पडले. पाऊस तिथे फारसा पडलाच नव्हता. तो काही मैलांवर पडला आणि पाणी त्या अरुंद घळीत घुसले. त्यानंतर सुरक्षेची व्यवस्था बरीच सुधारली. पावसाळी वारे जुलैपासून सप्टेंबरपर्यंत जोर धरतात, त्यामुळे जूनमध्ये धोका तुलनेने कमी असतो. तरीही गाइडने हवामानामुळे सहल रद्द केली, तर वाद घालू नये.

सासू-सासऱ्यांसाठी वरची घळ घ्यावी, कारण तिथले चालणे बहुतांशी सपाट आहे. खालच्या घळीत लोखंडी शिड्या आहेत. वरून येणारे प्रकाशाचे झोतही वरच्या घळीत, उन्हाळ्यातल्या दुपारी स्पष्ट दिसतात. पेज गावाजवळची ही जागा नवाहो भूमीवर असली, तरी तिथल्या सहली अॅरिझोनाच्या घड्याळाने चालतात. मॉन्युमेंट व्हॅलीहून मोटारीने दोन तासांहून अधिक लागतात, पण तिथे पोहोचताना घड्याळ एक तास मागे जाते, म्हणून सकाळी आठला निघालात, तर साडेनऊच्या सुमारास पोहोचाल.